चष्मेमावशींची आठवी फेरी

चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला जग दोन गटांत विभागलेले दिसते: ज्यांना जवळचे दिसत नाही ते आणि ज्यांना लांबचे दिसत नाही ते. चष्मेमावशींनी त्यात स्वतःच्या अनुभवाने तिसरा गट जोडला होता. ज्यांना समोरचे स्वच्छ दिसते, पण पाहायचे नसते, असे लोक. या तिसऱ्या गटातली बहुतेक मंडळी आपल्याला न्यासाच्या विश्वस्त मंडळातच भेटली, असे त्या ग्राहकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता सांगत, आणि ग्राहक हसला की चष्मा घसरतो का तेही पाहून घेत.

मावशींचे वय त्रेसष्ट. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या या घरात आल्या, तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात घासायला एक काच दिली. त्यांच्या मुलाला, म्हणजे मावशींच्या नवऱ्याला, दुकानात रस नव्हता; तो टपालखात्यात लागला होता आणि सायकलवरून दारोदार पत्रे वाटण्यात त्याला जे सुख मिळत होते ते भिंगात मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा भिंगे सुनेकडे आली. त्यांच्या हाताला एक सवय कायमची जडली. हाती येईल ती वस्तू पुसायची. दुसऱ्याच्या घरी चहाला गेल्या तर चमचा पुसत. दवाखान्यात गेल्या तर डॉक्टरांच्या टेबलावरची काच पुसत. "हिला स्वर्गाच्या दारात उभी केली तर आधी कडी पुसेल," असे यजमान म्हणत, आणि "कडी स्वच्छ असेल तर नाही पुसणार," असे मावशी उत्तर देत.

न्यासाशी त्यांचा संबंध जुळला तो चष्म्यांमुळेच. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या तरुण मुलामुलींना हाताला काम आणि डोक्याला अभ्यास द्यावा, म्हणून एका पुस्तकबांधणी करणाऱ्या आजोबांनी आपल्या तीन खोल्या देऊन हा न्यास उभारला होता. मावशी तिथे वर्षातून दोनदा डोळे तपासायला जात. एकदा तपासणी संपल्यावर त्यांनी फळ्यावरचा मजकूर मागच्या बाकावरून वाचता येत नाही, कारण फळा चकाकतो, असे आजोबांना सुनावले. आजोबांनी फळा बदलला आणि मावशींना विश्वस्त करून टाकले.

आता या आजोबांचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. न्यासाच्या घटनेत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते की पाचही विश्वस्तांनी दरवर्षी चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत येईल त्या वर्गात मुलांबरोबर बसायचे आणि वर्षाच्या शेवटी मुलांबरोबरच परीक्षा द्यायची. मुलांना पास व्हायला चाळीस गुण पुरत. विश्वस्तांना पंचाहत्तर लागत. नापास झालेल्या विश्वस्ताने वार्षिक बैठकीला यावे, हवे तेवढे बोलावे, मात्र मतदानाच्या वेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसावे. आजोबा जाऊन सहा वर्षे झाली होती, पण नियम जिवंत होता. छापखानेवाले विश्वस्त चार वर्षांपूर्वी शिवणकामात नापास झाले, तेव्हा त्यांनी अख्खी बैठक हात मांडीखाली घालून काढली आणि शेवटी हातांना मुंग्या आल्या म्हणून आभारप्रदर्शनही उभे राहून केले. निवृत्त हेडमास्तर गेल्या वर्षी केशकर्तनात शहात्तर गुणांनी वाचले. परीक्षेसाठी डोके दिले होते गुरांच्या डॉक्टरांनी. तेही विश्वस्तच. त्यानंतर ते टोपी घालूनच गुरे तपासत.

यंदा मावशींच्या चिठ्ठीत निघाली सायकल दुरुस्ती.

"वा!" हेडमास्तर टाळी वाजवून म्हणाले. "मावशी, यंदा हात मांडीखाली! मऊ गादी आणून ठेवू का?"

"गादी तुम्हालाच लागेल हेडमास्तर," मावशी म्हणाल्या. "आणि डॉक्टरांच्या डोक्यावर तुम्ही पाडलेली पायवाट अजून बुजलेली नाही, एवढं लक्षात असू द्या."

डॉक्टरांनी नकळत टोपी सारखी केली. अध्यक्षपदी असलेल्या वकीलबाई कागदांत तोंड घालून हसल्या.

मावशी हसल्या खऱ्या, पण परीक्षेची शेवटची पायरी त्यांना ठाऊक होती. परीक्षेत सायकल उघडायची, जोडायची, पंक्चर काढायचे, इथवर ठीक होते. हात शिकलेले होते. शेवटी मात्र आपण जोडलेली सायकल आपणच चालवून दाखवायची होती, आणि मावशींना सायकल येत नव्हती. माहेरी एकच सायकल होती, ती दोन भावांची. सासरी एकच सायकल होती, ती टपालखात्याची.

आणि यंदाच मत हवे होते. गेली तीन वर्षे मावशी एकच ठराव मांडत होत्या आणि तीनही वर्षे तो पडत होता. वर्गांच्या शेजारी एक लांबट खोली होती. तिच्यात हेडमास्तरांनी जमवलेल्या ढाली, करंडक आणि जुने नकाशे होते. ती खोली रिकामी करून तिथे पाळणाघर काढावे, म्हणजे लेकुरवाळ्या मुलींना वर्गात बसता येईल, एवढाच तो ठराव. हेडमास्तरांचे म्हणणे असे की शिक्षणसंस्थेत रडण्याचा आवाज शोभत नाही. त्यांना छापखानेवाले साथ देत. डॉक्टर मावशींच्या बाजूचे. वकीलबाई इतकी वर्षे तटस्थ राहिल्या आणि बरोबरी झाली की ठराव पडतो, हाही आजोबांचाच नियम. यंदा वकीलबाई मावशींकडे आल्या होत्या. तीन विरुद्ध दोन. मावशींचे मत गेले की मात्र पुन्हा दोन विरुद्ध दोन.

मावशींच्या डोळ्यांपुढे एकच मुलगी होती. वय वीस, कडेवर आठ महिन्यांची पोर. हिशेबाच्या वर्गात ती पहिली यायची. पोर रडू लागल्यावर तिला बाहेर जायला सांगण्यात आले, तेव्हा ती गेली नाही. व्हरांड्यात खिडकीखाली उभी राहून, पोरीला झुलवत, आतले गणित ऐकून तोंडाने सोडवत राहिली. तिची उत्तरे आतल्या मुलांच्या आधी यायची. मग एके दिवशी ती यायचीच बंद झाली. ती मुलगी आता तीन गल्ल्या पलीकडे कपड्यांच्या कारखान्यात गुंड्या लावत होती. "मावशी, खोली झाली की सांगा," एवढेच ती म्हणाली होती.

त्या दिवशी मावशी घरी आल्या आणि चपला न काढताच म्हणाल्या, "अहो, मला सायकल शिकवा."

यजमान वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आता?"

"चौतीस वर्षं तुम्ही सायकलवर होतात. मी एकदा तरी मागितली का?"

"नाही."

"मग आता मागतेय."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून गोदामांच्या मागच्या ओसाड गल्लीत शिकवणी सुरू झाली. मावशींनी यजमानांची जुनी खाकी पँट घालून कमरेला दोरी बांधली होती. यजमान कॅरियर धरून मागे धावत आणि सूचना देत.

"समोर बघ!"

"समोरच बघतेय!"

"मग त्या खांबाकडे का चाललीस?"

"तोच तर समोर दिसतोय!"

खांबाला त्या तीनदा भेटल्या. चौथ्यांदा यजमानांनी खांबाला आपला जुना कोट गुंडाळला. पाचव्या दिवशी हँडल मोकळे सोडून मावशी इतक्या हसल्या की दोघेही कुंपणाच्या झुडपात गेले, आणि झुडपात बसून पुन्हा हसले. बारावा दिवस होता. मावशी पॅडल मारत होत्या आणि मागे धावणाऱ्या नवऱ्याला भाजीची यादी सांगत होत्या. "ऐकताय ना?" त्यांनी विचारले. उत्तर आले ते फार लांबून. त्यांनी मान वळवली. यजमान गल्लीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभे होते. मावशींच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती भीतीची होती की आनंदाची, हे ठरायच्या आत ती गाणे झाली, आणि गल्लीतली दोन कुत्री त्या गाण्यामागे धावत सुटली.

उतरणे मात्र जमेना. थांबण्यासाठी ब्रेक दाबून तोल सांभाळायचा, हे त्यांना आणखी तीन आठवड्यांनी जमले.

वर्गाची शिक्षिका होती उस्ताद. वय एकोणीस, याच न्यासातून शिकून शिक्षिका झालेली, कोपरापर्यंत काळे हात, कानामागे पेन्सिल. एरवी ती मावशींना मावशी म्हणे. वर्गात मात्र "क्रमांक नऊ" म्हणून हाक मारी.

"क्रमांक नऊ, चेन पुसू नका, बसवा."

"बसवते गं. जरा काजळी काढते."

"परीक्षेत काजळीला गुण नाहीत."

बाकी चारही विश्वस्त आपापल्या परीक्षा त्या आठवड्यात पास झाले होते; शेवटची परीक्षा सायकल दुरुस्तीची, आणि ती वार्षिक बैठकीच्या दिवशीच होती. तीनला परीक्षा, पाचला बैठक. मावशींनी सायकल उघडली, जोडली. पंक्चर काढले. हे सारे वेळेच्या आधी आटोपले आणि उस्तादने समाधानाने मान हलवली. चालवण्याआधी दहा मिनिटांची विश्रांती होती. बाकीची मुले पाणी प्यायला गेली. मावशी मोकळ्या बसल्या, आणि हात मोकळे राहिले. समोर दोन्ही चाकांच्या रिमा होत्या, बोटांच्या काळ्या ठशांनी माखलेल्या. मावशींच्या पिशवीत मखमलीचा तुकडा होता, भिंगाच्या यंत्राचे तेल होते. त्यांनी दोन्ही रिमा अशा लखलखीत केल्या की त्यात स्वतःचा चेहरा दिसावा. तो दिसल्यावर त्यांनी केसही सारखे केले.

अंगणात सगळे जमले. मुले, मुली, चारही विश्वस्त, आणि कुंपणापाशी पाहुण्यासारखे उभे असलेले यजमान. अंगण किंचित उताराचे होते. उताराच्या टोकाला, फाटकाजवळ, खडूची जाड रेघ. दोन फेऱ्या मारायच्या, पाय जमिनीला न टेकवता, आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटी ब्रेक दाबून पुढचे चाक रेघेवर थांबवायचे.

पहिली फेरी राणीसारखी झाली. दुसऱ्या फेरीत मावशींनी एका मुलीला मान डोलवून दाद दिली. रेघ आली. मावशींनी दोन्ही ब्रेक दाबले.

सायकल थांबली नाही. थांबण्याचे नावही तिने घेतले नाही. खडूची रेघ चाकाखालून गेली, फाटक समोर आले, आणि मावशींनी कसेबसे हँडल वळवून पुन्हा चढाची वाट धरली.

"जादा फेरी!" उस्तादने वही उघडली. "प्रत्येक जादा फेरीला दोन गुण कमी. क्रमांक नऊ, सहा जादा फेऱ्यांपर्यंत तुम्ही पास आहात. सातवी लागली की नापास."

"पाय टेकवू का गं?" मावशी ओरडल्या.

"टेकवलात तर तिथल्या तिथं नापास!"

"एक!" हेडमास्तर मोजू लागले. आयुष्यभर मुलांच्या कवायती मोजलेल्या माणसाला राहवले नाही.

"हेडमास्तर, तुमची मोजणी थांबवा!" डॉक्टर टोपी हलवत ओरडले.

मावशी पुन्हा रेघेवर आल्या. ब्रेक दाबले. रबरे रिमेवरून साबण लावल्यासारखी सरकली.

"दोन!"

मुलांनी फेर धरल्यासारख्या टाळ्या सुरू केल्या. छापखानेवाले प्रत्येक फेरीला मागे सरकत फुलांच्या कुंडीत जाऊन बसले. यजमान कुंपण सोडून बायकोच्या मागे धावू लागले, सवयीने कॅरियरकडे हात नेला, आणि उस्ताद गरजली, "हात लावला तर नापास!" यजमानांनी हात मागे घेतला, पण पाय थांबवले नाहीत, ते तसेच हात पाठीमागे बांधून धावत राहिले.

"तीन!"

"क्रमांक नऊ," उस्ताद रेघेपाशी उभी राहून म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच काळजी आली. "ब्रेक का लागत नाही ते शोधा! दोष शोधणं पण परीक्षाच आहे!"

मावशींनी चढावर पॅडल मारता मारता खाली पाहिले. रिमेत आकाश दिसत होते. ढग दिसत होते. अगदी स्वच्छ.

"अगं बाई!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की टाळ्या थांबल्या. "मी रिमा पुसल्या! तेल लावून पुसल्या!"

अंगणभर असा हशा उसळला की वकीलबाईंना भिंतीचा आधार घ्यावा लागला. यजमान धावता धावता कपाळाला हात लावून म्हणाले, "कडी पुसली हिनं! शेवटी कडी पुसलीच!"

"चार!" हेडमास्तर म्हणाले, पण त्यांचाही आवाज हसण्यात फुटला.

मावशी हसत नव्हत्या. चव्वेचाळीस वर्षे काचेवर तेल लावणारा हात तेल उतरवणेही जाणत होता. काचेवरचे तेल कसे जाते? घासून. कशाने घासायचे? इथे रबर आहे. रबर रिमेला लावून ठेवायचे आणि चाक फिरवत राहायचे.

त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले आणि दाबूनच धरले. चढाला पॅडल मारणे आता दगड ढकलण्यासारखे झाले. पाय थरथरू लागले, पँटची दोरी सुटायला आली, तोंडाने त्या स्वतःलाच शिव्या देत होत्या, फार सभ्य शिव्या, कारण समोर विद्यार्थी होते.

"पाच!"

रेघेवर चाक थोडेसे अडखळले. थांबले नाही, पण अडखळले. उस्तादने ते पाहिले. तिने पेन्सिल दातांत धरली.

"दाबून धरा मावशी!" ती ओरडली. क्रमांक नऊ म्हणायचे ती विसरली.

सहाव्या जादा फेरीला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त रबराचा आवाज येत होता, आधी सुळसुळ, मग कुरकुर. चढाच्या माथ्यावर सायकल जवळजवळ उभीच राहिली. मावशींनी सीटवरून उठून पॅडलवर सगळा देह घातला आणि ती वळली. आता उतार. हेडमास्तरांनी मोजायला तोंड उघडले आणि उघडेच ठेवले. फाटक जवळ आले, रेघ जवळ आली, मावशींनी डोळे रेघेवर रोखले. ज्याच्याकडे पाहतो तिकडेच जातो, हे त्यांना खांबाने शिकवले होते. रबरे किंचाळली. सायकल थांबली.

पुढचे चाक बरोबर रेघेवर होते. मावशींनी एक पाय उचलला, सावकाश उतरल्या आणि मग सायकलसकट यजमानांच्या अंगावर कलल्या.

उस्ताद गुडघ्यांवर बसली. चाक पाहिले. रेघ पाहिली. वही पाहिली. गेल्या वर्षी तिने दोन मुलांना एवढ्याशा चुकीवर नापास केले होते, हे सर्वांना ठाऊक होते.

"सहावी पूर्ण झाली की सातवी लागली?" छापखानेवाल्यांनी कुंडीतून विचारले. "चाकाचं टोक रेघेच्या पुढं दिसतंय मला."

उस्ताद उत्तर देण्याआधीच हेडमास्तर पुढे आले. त्यांनी वाकून पाहिले, चष्मा सारखा केला. तोही मावशींच्याच दुकानातला होता.

"टोक रेघेवर आहे," ते म्हणाले. "मी मोजतोय. मोजणीत मी पक्षपात करत नाही. शिवाय स्वतःची चूक स्वतः शोधून, चालत्या गाडीवर सुधारणारा विद्यार्थी मला छत्तीस वर्षांत एकच भेटला, आणि तो त्रेसष्ट वर्षांचा निघाला."

"शहात्तर," उस्तादने वहीत लिहिले. "क्रमांक नऊ, पास."

पुढे काय झाले ते धड कोणालाच सांगता येत नाही. मुलांनी मावशींना उचलले, मग पँटची दोरी आठवून लगेच खाली ठेवले. डॉक्टरांनी टोपी हवेत उडवली आणि गेल्या वर्षीची पायवाट सर्वांनी पाहिली. यजमान कोणाचेही हात हातात घेऊन "मी शिकवली, मी शिकवली," असे सांगत सुटले होते.

पाचला बैठक सुरू झाली. हेडमास्तर ठरावाविरुद्ध वीस मिनिटे बोलले आणि नेहमीसारखेच चांगले बोलले. वकीलबाईंनी मतदान पुकारले. बाजूने डॉक्टरांचा हात वर झाला, वकीलबाईंचा झाला. मावशींनी हात वर केला. पण बोटे उघडेनात. इतका वेळ ब्रेक दाबून ती हँडलच्या आकारातच वळली होती.

"ही मूठ आहे," छापखानेवाले म्हणाले. "मत आहे की धमकी?"

"दोन्ही समजा," मावशी म्हणाल्या.

ठराव तीन विरुद्ध दोन असा मंजूर झाला. आपण हरलो हे इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात लिहून घेण्याचा आग्रह हेडमास्तरांनी धरला, आणि दुसऱ्या सकाळी आठ वाजता बाह्या सरसावून ढाली हलवायला तेच सर्वांत आधी हजर झाले.

खोलीला रंग लागायला बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी गुंड्या लावणारी मुलगी आली. कडेवरची पोर आता दीड वर्षाची होती आणि उतरायला तयार नव्हती.

"मावशी, रडेल हं ती. फार रडते."

"रडू दे. खोली त्यासाठीच आहे. आण इकडे."

मुलीने पोर दिली आणि तरी तिचा हात पोरीच्या पाठीवरून निघेना. आतून हिशेबाच्या मास्तरांचा आवाज आला. ते फळ्यावर गणित घालत होते. मुलीने ऐकले. तिचे ओठ हलले. मग उत्तर तोंडातच ठेवून ती वळली, व्हरांड्यातून जवळजवळ पळत गेली, खिडकी मागे टाकली, दारातून आत शिरली आणि मास्तरांनी खडू खाली ठेवायच्या आत पहिल्या बाकावर बसून तिने उत्तर सांगितले.

पोरीने जो टाहो फोडला तो रस्त्यापर्यंत गेला. चष्मेमावशी तिला घेऊन खोलीभर गोल गोल फिरू लागल्या.